गृहसचिव महोदय, प्रधानांची ती फाईल पुन्हा काढा

प्रति,
मा. केंद्रीय गृहसचिव,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

आपण आज ज्या पदावर आहात त्या पदावर १९८५-८६ मध्ये राम प्रधान नावाचे महाराष्ट्र केडरचे एक अधिकारी होते. ३० जून १९८६ हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ, हार-तुरे आणि चहा-बिस्किटं यांत जायचा असा तो दिवस. त्याच दिवशी त्यांनी मिझोरममधलं वीस वर्षांचं बंड संपवणाऱ्या मिझो करारावर सही केली. शेजारी सही होती लालडेंगा यांची. या माणसानं वीस वर्षांपूर्वी भारतापासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पूर्व पाकिस्तानातून हत्यारं आणली होती, आणि सरकारी कागदांत त्याचा उल्लेख कित्येक वर्षं देशद्रोही असाच होता.

हे पत्र त्या सहीबद्दल आहे. त्याहून जास्त, ती सही टिकली आणि इतर टिकल्या नाहीत याबद्दल आहे. मी कराडचा. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. ईशान्य भारताशी माझा संबंध वाचनापुरता आणि पुण्यात भेटलेल्या काही विद्यार्थ्यांपुरता. तेव्हा अधिकारवाणीनं काही सांगण्याचा आव आणत नाही. पण नागरिक म्हणून विचारायचा हक्क आहे, आणि कराडचा म्हणून थोडा जास्तच आहे. का, ते पुढे येईलच.

आमच्याकडे हल्ली कुठल्याही चर्चेत एक वाक्य हमखास येतं, "आधी देश, मग बाकी सगळं." ऐकायला छान वाटतं. पण माणूस आपल्या ओळखी अशा रांगेत उभ्या करून जगत नाही. मी मराठी आहे आणि भारतीय आहे, यातलं आधी काय हे मला कुणी विचारलेलंच नाही, म्हणून मला उत्तर शोधावं लागलं नाही. नागालँडमधल्या कोहिमाच्या किंवा मिझोरममधल्या ऐजॉलच्या माणसाला ते दर दोन-चार वर्षांनी विचारलं जातं. कधी संसदेत, कधी लष्करी नाक्यावर, कधी पुण्या-बंगळुरात भाड्यानं खोली शोधताना. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या जोरावर ईशान्येची हजारो मुलं याच शहरांतून जीव मुठीत घेऊन रेल्वेनं परत गेली. त्यांना भारतीय व्हायला सांगणारे आपण, आणि त्यांना इथं राहू न देणारेही आपणच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आम्ही घरात ऐकत वाढलो. १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा दिल्लीतल्या बऱ्याच शहाण्यांना भाषावार राज्याची मागणी संकुचित आणि देशाच्या एकीला घातक वाटत होती. चार वर्षांत राज्य मिळालं आणि देशाचं काहीही वाकडं झालं नाही. पण आपण जिंकलो कशाच्या बळावर, हे आपण सोयीनं विसरतो. आपल्याकडे संख्या होती. वर्तमानपत्रं होती, अत्रे-डांगे होते, आणि १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसला घाम फोडेल एवढी मतं होती. आज लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत. मिझोरमचा एक आहे, नागालँडचाही एकच. डोकी मोजून निर्णय होतात त्या सभागृहात एका खासदाराचा आवाज किती जाणार? ज्या समाजाला मतपेटीतून दिल्लीला वळवणं कधीच शक्य नाही, त्याला दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं खात्री द्यावी लागते. ती आधी दिली तर तिला कलम म्हणतात. उशिरा दिली की करार म्हणावं लागतं, आणि मधल्या काळात माणसं मेलेली असतात.

मिझोंचा मधला काळ वीस वर्षांचा होता. त्याची सुरुवात बांबूला आलेल्या फुलांनी झाली. तिकडचा मौताक जातीचा बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा फुलतो. त्याच्या बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि बिया संपल्या की शेतातल्या भातावर उतरतात. याला मिझो लोक 'मौताम' म्हणतात. मिझो डोंगर तेव्हा आसाम राज्यात होते. म्हाताऱ्या माणसांना १९११ चा दुष्काळ आठवत होता, म्हणून तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेनं १९५८ मध्येच आसाम सरकारकडे पंधरा लाख रुपयांची तजवीज करायला सांगितलं. आदिवासींची अंधश्रद्धा म्हणून ती मागणी उडवून लावली गेली. पुढच्याच वर्षी उंदीर आले. त्याच सुमारास, १९६० मध्ये, आसामनं आसामी ही राजभाषा केली. पोट आणि भाषा, दोन्हींवर एकदम पाय पडला. दुष्काळात गावोगाव तांदूळ पोचवणाऱ्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटच्या नावातला 'फॅमिन' शब्द १९६१ मध्ये गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. तिचे नेते लालडेंगा पूर्वी भारतीय सैन्यात हवालदार होते.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटनं ऐजॉल, लुंगलेई आणि इतर ठिकाणी एकाच वेळी हल्ले केले. खजिना लुटला, आसाम रायफल्सच्या ठाण्यांना वेढा घातला. ऐजॉलच्या ठाण्याला हेलिकॉप्टरनं रसद पोचवायचा प्रयत्न झाला, त्यावर गोळीबार झाला. सरकारपुढे पेच खरा होता, हे मी नाकारत नाही. पण ५ मार्चला लढाऊ विमानं आली ती गजबजलेल्या शहरावर. दावरपुई, रिपब्लिक वेंग, छिंगा वेंग अशा वस्त्या जळाल्या. स्वतंत्र भारताच्या हवाई दलानं आपल्याच देशाच्या शहरावर बाँब टाकल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सरकारनं तेव्हा सांगितलं की विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती. आसाम विधानसभेतल्या डोंगरी भागाच्या आमदारांनी तिथं जाऊन पाहिलं, लोकांनी त्यांना बाँबचे तुकडे दाखवले, आणि सभागृहात त्यांनी ते मांडलं. तरी अधिकृत उत्तर बदललं नाही.

आता माझ्या कराडचा संबंध. विमानं हवाई दलाची, हवाई दल संरक्षण खात्याचं, आणि त्या मार्चमध्ये संरक्षण खातं होतं यशवंतराव चव्हाणांकडे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आम्ही शाळेत अभिमानानं फळ्यावर लिहितो. प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीपाशी मी असंख्य वेळा मुलांना घेऊन गेलो आहे. त्या निर्णयात त्यांचा वाटा नेमका किती, याचा कागद सर्वसामान्य वाचकाला बघायला मिळत नाही. आणि राम प्रधान हे पूर्वी काही वर्षं याच चव्हाणांचे खासगी सचिव होते. साहेबांच्या खात्याची विमानं ज्या शहरावर गेली, त्या शहराशी वीस वर्षांनी त्यांच्याच जुन्या सचिवानं तह केला. मराठीत यावर एखादी कादंबरी नाही याचं मला नवल वाटतं. आम्हाला पानिपतातून वेळ मिळाला तर ना.

बाँबपेक्षा खोल जखम मात्र पुढची आहे. १९६७ पासून लष्करानं गावंच्या गावं उठवून ऐजॉल-लुंगलेई रस्त्याच्या कडेला आणून बसवली. सरकारी भाषेत त्यांचं नाव होतं 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं'. प्रत्यक्षात भोवती कुंपण, दाराशी पहारा, प्रत्येकाला ओळखपत्र, संध्याकाळनंतर संचारबंदी, आणि तांदूळ मोजून मिळणार. मागे राहिलेली घरं आणि कोठारातलं धान्य पेटवून दिलं गेलं, बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून. मिझो खेड्यांतली बहुसंख्य माणसं अशी उठवली गेली. डोंगरउतारावरची झूम शेती करणाऱ्या माणसाला रोज पहाऱ्यातून सुटून, मैलोगणती चालून शेतावर जायचं आणि अंधाराच्या आत परतायचं, हे जमणारच नव्हतं. त्या काळाला तिकडे 'रामबुआई' म्हणतात, म्हणजे अशांत मुलखाचे दिवस. आज साठी-सत्तरीत असलेल्या प्रत्येक मिझो माणसाचं बालपण त्यात गेलं आहे.

इतकं होऊनही १९८६ चा करार टिकला. कसा टिकला, ते आपल्या खात्यातल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्यानं मुळातून वाचायला हवं असं मला वाटतं. मिझोंनी स्वतंत्र देशाची मागणी सोडली. बदल्यात राज्य मिळालं, आणि घटनेत ३७१-जी हे कलम आलं. मिझोंचा धर्म, चालीरीती, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबतचा संसदेचा कायदा मिझोरमच्या विधानसभेनं ठराव केल्याशिवाय तिथं लागू होत नाही. म्हणजे मिझो राहण्याची लेखी हमी मिळाली, आणि ती कुणा मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता राज्यघटनेत लिहिली गेली. ही हमी म्हणजे लाड आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी कलम ३७१ चं दुसरं उपकलम उघडून बघावं. त्यात विदर्भ आणि मराठवाडा भेटतील. विशेष तरतूद आपल्यालाही आहे, फक्त आपल्याला तिच्यावरून कुणी देशभक्ती विचारत नाही.

दुसरी गोष्ट सत्तेची. त्या वेळी मिझोरममध्ये काँग्रेसचं निवडून आलेलं सरकार होतं. मुख्यमंत्री लालथनहावला यांनी लालडेंगांसाठी खुर्ची सोडली आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. चालू मुख्यमंत्री कालच्या बंडखोराला जागा करून देतो, हे दृश्य आज डोळ्यांपुढे आणून बघा. १९८७ च्या निवडणुकीत फ्रंट जिंकली. पुढच्याच वर्षी आमदार फुटून सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, त्यानंतरची निवडणूक लालडेंगा हरले. खरी परीक्षा ती होती. हरल्यावर कुणी जंगलात परत गेलं नाही. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी पुन्हा निवडणुका लढवल्या, आणि लालडेंगांचे जुने सहकारी झोरमथांगा १९९८ मध्ये मुख्यमंत्री झाले.

आता याच्या शेजारी नागा प्रश्न ठेवा. १९४७ चा नऊ कलमी करार, १९६० चा सोळा कलमी, १९७५ चा शिलाँग करार, १९९७ ची शस्त्रसंधी, ३ ऑगस्ट २०१५ चा आराखडा करार. कागदांना तोटा नाही. पण मिझोंच्या वेळी जो माणूस लढत होता त्याच्याशीच करार झाला. नागांच्या बाबतीत अनेकदा जो मऊ होता त्याच्याशी झाला, आणि कडक होता तो बाहेर राहिला. १९६० चा करार नागा स्वातंत्र्य चळवळीचे नेते फिझो यांना वगळून झाला, १९७५ च्या सहीतून मुइवा-इसाक यांचा वेगळा गट निघाला, तोही १९८८ मध्ये फुटला. आपल्या खात्यात या फाटाफुटीला यश मानणारे लोक असतील. तिचं फळ नागालँडच्या दुकानदाराला विचारा, त्याला दोन-तीन गटांना 'टॅक्स' भरावा लागतो आणि प्रत्येकाची पावती वेगळी.

२०१५ चा आराखडा करार झाला तेव्हा मीही पेढे वाटायच्या बेतात होतो. मग गाडी नागांनी मागितलेल्या झेंडा आणि घटना या दोन शब्दांवर अडली. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचा झेंडा आणि घटना गेल्यावर नागांना ते देणं सरकारला राजकीयदृष्ट्या अवघड झालं, हे उघड आहे. वेगळी घटना हा गंभीर विषय आहे, त्यावर दिल्लीची हरकत मला समजते. झेंड्याची भीती मात्र समजत नाही. निळ्या कापडावर इंद्रधनुष्य आणि पांढरी चांदणी, एवढा तो झेंडा. आमच्याकडे प्रत्येक गडावर भगवा असतो. सीमेपलीकडे बेळगावात कन्नड लोकांचा लाल-पिवळा असतो, कर्नाटकनं तर २०१८ मध्ये राज्याचा अधिकृत झेंडा मागितला होता. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचं राज्यगीत ठरवलं. तिरंग्याला यातल्या कशानं धक्का लागला? नागा बाईला मुलाच्या लग्नात, गावच्या सणात, शहिदांच्या स्मारकावर तो झेंडा लावू द्या. तिरंग्याची जागा तिरंग्याला, त्याची जागा त्याला, एवढं लिहिणारा मसुदाकार आपल्याकडे नसेल तर खातं बंद करावं.

झेंड्यापेक्षा जास्त अंतर पडतं ते ओतिंगसारख्या घटनेनं. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या मोन जिल्ह्यात कोळशाच्या खाणीतून शनिवारी घरी निघालेले मजूर पिकअप गाडीत होते. जवानांनी त्यांना अतिरेकी समजून गोळ्या घातल्या, सहा जण गेले. त्यानंतरच्या उद्रेकात आणखी माणसं मेली, एक जवानही मेला. नागालँड पोलिसांनी तीस जवानांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्रानं खटल्याला परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते प्रकरण थांबलं. केंद्राच्या परवानगीविना जवानांवर खटला चालू न देणारा १९५८ चा सैन्याचा विशेषाधिकार कायदा (आफ्स्पा) मुळात नागा टेकड्यांसाठीच आणला होता. साठ-सत्तर वर्षं औषध चालू आहे आणि रोगी अजून तपासायचाच आहे.

नागा आणि मिझो नेतृत्वाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. ते लिहिलं नाही तर हे पत्र एकांगी होईल. ज्या ओळखीसाठी बंदूक घेतली, ती हातात आल्यावर शेजाऱ्याच्या ओळखीला किती जागा दिली? १९९७ मध्ये मिझोरममधून तिथल्या अल्पसंख्य ब्रू जमातीची तीस हजारांवर माणसं पळून त्रिपुरात गेली. छावण्यांत दोन दशकं काढल्यावर, जानेवारी २०२० च्या करारानं त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं. स्वतःच्या राज्यात त्यांतली बहुतेक परतू शकली नाहीत. दिल्लीनं मिझोंना जे ऐकवलं, तेच ऐजॉलनं ब्रूंना आणि चकमा या दुसऱ्या अल्पसंख्य जमातीला ऐकवलं. नागांच्या 'बृहत्' नकाशात मणिपूरचे डोंगर येतात. जून २००१ मध्ये नागा गटाबरोबरच्या शस्त्रसंधीला प्रादेशिक मर्यादा नाही असं दिल्लीनं एका वाक्यात मान्य केलं, तेव्हा इंफाळ पेटलं. विधानसभेची इमारत जळाली, अठरा माणसं गोळीबारात गेली. एकाच्या स्वप्नाची हद्द दुसऱ्याच्या अंगणातून जाते हे दिल्लीत कुणालाच आधी दिसलं नाही, याचं आश्चर्य आजही वाटतं. मे २०२३ पासूनच्या मणिपूरबद्दल मी इथं लिहीत नाही. ते एका परिच्छेदात मावणारं नाही.

आता आपल्या हातातलं, अगदी ताजं काम. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या खात्यानं म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा थांबवत असल्याचं जाहीर केलं. १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालायचंही ठरलं. मिझोरम आणि नागालँड, दोन्ही विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. नंतर सीमेवरच्या लोकांना व्हिसाविना पलीकडे जाण्याची १६ किलोमीटरची मुभा १० वर आणून पासची पद्धत आली. सुरक्षेची चिंता, अमली पदार्थ, शस्त्रं, सगळं खरं आहे. पण मोन जिल्ह्यातलं लोंगवा गाव नकाशावर बघा. तिथल्या आंगचं, म्हणजे कोन्याक राजाचं, घर दोन देशांत आहे. सीमा त्याच्या घरातून जाते. गावातल्या माणसानं रेघ ओलांडली नाही, रेघ त्याच्या चुलीवरून गेली, आणि ती आखताना कुणी त्याला विचारलं नव्हतं.

२०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर तिथल्या चिन जमातीचे लोक पळून मिझोरममध्ये आले. आपल्या खात्यानं सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं, आत घेऊ नका. मुख्यमंत्री झोरमथांगांनी पंतप्रधानांना उलट लिहिलं की हे आमचेच भाऊबंद आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. चर्चनं, गावोगावच्या तरुण संघटनांनी घराघरातून तांदूळ गोळा केला. एकेकाळचा बंडखोर भारताचा मुख्यमंत्री म्हणून, भारताच्या पंतप्रधानांना, रीतसर पत्रानं नकार कळवतो. तो जंगलात गेला नाही, टपालानं बोलला. राष्ट्रवादाचा याहून मोठा विजय कोणता हवा होता मला माहीत नाही, पण आपल्याकडे त्याकडे अवज्ञा म्हणून बघितलं गेलं.

तेव्हा मागणं असं आहे. १९६६ च्या मार्चमधल्या ऐजॉलच्या कारवाईचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना खुले करा. १० ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांनी लोकसभेत त्या हल्ल्याचा उल्लेख केला, तो काँग्रेसला टोमणा म्हणून. टोमण्यासाठी चालतो तर नोंदीसाठीही चालला पाहिजे. पक्ष कुठलाही असो, सही भारत सरकारची होती, आणि दिलगिरीही भारत सरकारनंच व्यक्त करायची आहे. त्या कागदांत आमच्या यशवंतरावांबद्दल जे निघेल ते निघू द्या, कराड ते पचवेल. नागा वाटाघाटींना तारखा लावा, आणि आराखडा कराराचा पूर्ण मजकूर सरकारनं स्वतः प्रसिद्ध करावा. एका बाजूनं एक अर्थ सांगायचा आणि दुसरीनं दुसरा, हा खेळ २०१५ पासून चालू आहे. कुंपणाचा पुढचा खांब रोवण्याआधी लोंगवाच्या गावसभेला विचारा. आणि ओतिंगच्या खटल्याला परवानगी द्यायची की नाही, याचा फेरविचार करायला संरक्षण खात्याला लिहा. परवानगी मिळाली तर खटला पुढे चालू शकतो, ते दार न्यायालयानं उघडंच ठेवलं आहे.

पत्राची एकेक प्रत मिझोरम आणि नागालँडच्या मुख्य सचिवांना इंग्रजी भाषांतरासह पाठवत आहे. आपल्याकडून उत्तर आलं तर जसंच्या तसं प्रसिद्ध करीन. पोच आली तरी कळवीन.

आपला,
कराडचा एक निवृत्त इतिहास शिक्षक